गाडीचं नाक

"भूपाल, गाडी बंद पडली मर्दा. वढ्यातच."

मी गॅरेजमध्ये एका जीपखाली उताणा पडलो होतो. बाहेर पाऊस असा लागला होता की फोन कानाला दाबून धरावा लागला.

"सेल मारलास का?"

"मारला की."

"किती वेळा?"

"चार-पाच येळा. खट करतंय आणि गप्प बसतंय." मग रावसाहेबाचा आवाज एकदम बसला. "गाडीत आई हाय रे. सकाळी नऊला भाकरी थापता थापता खाली बसली. तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना झालाय. बोलंना झालीया भूपाल."

आज इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट मी मनातल्या मनात सांगायला घेतली की इथंच अडखळतो. मित्राचा फोन आला, आणि मी आधी गाडीचं विचारलं. गाडीत कोण आहे, हे त्यानं आपणहून सांगितलं.

"ॲम्ब्युलन्स?"

"फोन केलता. ती नदीच्या पल्याड अडकलीया म्हणं. दुधाचा टेम्पो माझ्या म्होरनं पार झाला, म्हणून मी पण घातली. गुडघाभर पण पाणी न्हवतं रे! आता वाढालंय."

"थांब तिथंच. निघालो."

ज्या जीपखाली पडलो होतो, तीच घेऊन निघालो. गिऱ्हाइकाची होती, ब्रेकचं काम अर्धं राहिलं होतं. गॅरेज फुलेवाडीत; तिथून रावसाहेबाचं गाव आंबेखोल एरवी पाऊण तासाचा रस्ता. पण त्या दिवशी खालचा रस्ता पाण्याखाली होता. वरून डोंगरकडेनं, दोन गावं वळसा घालून जायला मला दोन तासांच्या वर लागले. त्या दोन तासांत मी एकदाही रावसाहेबाच्या आईचा, मावशीचा, विचार धड केला नाही. माझ्या डोळ्यांपुढं एकच वस्तू होती, आणि ती माझ्याच हातानं त्या गाडीत बसवलेली होती.

रावसाहेब चौगुले आणि मी आठवीपासून एका बाकावरचे. तो पुढं साखर कारखान्याच्या शेती विभागात लागला. मी दस्तगीर मिस्त्रींच्या हाताखाली गाड्या शिकलो. त्यानं डिझेलची छोटी गाडी घेतली तेव्हा तिला पहिला हार मी घातला. तो तिला गाडी म्हणून वापरायचा, आणि मला तिच्यात शर्यतीचा घोडा दिसायचा. शौक माझा होता, गाडी त्याची होती. दुसऱ्याच्या गाईवर आपला गोठा सजवायचा, तसला प्रकार.

त्या वर्षी उन्हाळ्यात मीच त्याच्या मागं लागलो. "राऊ, हिला हवा घ्यायचा नवा पाइप टाकूया. आता बिचारी रुमाल बांधल्यासारखा श्वास घेते. नव्या फिल्टरनं बघ कशी पळते, आवाज बघ कसा येतो."

"आवाज कशाला पायजे? कारखान्यात काय कमी हाय?" तो म्हणाला. पण मित्राचा हट्ट म्हणून हो म्हणाला.

काम मी त्याच्या अंगणातच केलं. कंपनीनं दिलेला हवेचा काळा डबा काढला. त्या डब्याला पुढं एक लांब तोंड असतं. ते वर, बॉनेटच्या अगदी काठाशी बसवलेलं असतं. गार हवा खालीही मिळते, मग कंपनीनं ते तोंड इतकं वर का नेलं, हे मला न कळण्याएवढा मी नवखा नव्हतो. तो डबा बाजूला ठेवून मी नवा पाइप घातला, आणि त्याच्या टोकाचा लाल फिल्टर खाली, पुढच्या बंपरच्या आत, धुक्याच्या दिव्यामागं बसवला. खोक्यात एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं की पाण्यातून गाडी घालू नका, पावसाच्या भागात असाल तर सोबतचा झडपेचा तुकडा पाइपात बसवा. त्या झडपेनं थोडी ओढ कमी होते असं ऐकलं होतं. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

सुंदरामावशी, रावसाहेबाची आई, अंगणात शेंगा फोडत बसली होती. बाईच्या जिभेला हाड नव्हतं असं कुणी म्हणेल, पण तिच्या जिभेवर सगळं गाव जगत होतं. लग्न ठरलं की पोरी उखाण्यासाठी तिच्याकडं यायच्या. नवरा काय करतो, एवढंच विचारायची, आणि हातातलं काम न थांबवता बांधून द्यायची. माझ्या लग्नात माझ्या बायकोनं घेतलेला उखाणा तिचाच:

"ग्रीसचे हात, तेलाचा शर्ट, नखात काळी माती,
भूपालरावांचं नाव घेते, साबण माझ्या हाती."

सगळा मांडव हसला होता, आणि माझे वडील सगळ्यांत जास्त हसले होते.

तर त्या दिवशी मावशी शेंगा सोडून गाडीपाशी आली. काढलेला डबा तिनं पायानं हलवून बघितला.

"भूपाल्या, वरचं नाक कापून खाली गुडघ्याला लावलंस व्हय रे गाडीच्या?"

"आता जोरात श्वास घेईल ती मावशी."

"घेईल की. पण गुडघ्याला नाक असलेला माणूस वढ्यात उतरला तर?"

मी हसलो. रावसाहेबही हसला. "आई, तू शेंगा फोड," तो म्हणाला.

"ह्ये नाक हितं ठेव मग. मी त्यात अळू लावते."

"टाकाऊ आहे ते," मी म्हणालो आणि डबा माझ्या पिशवीत टाकला.

दस्तगीर मिस्त्रींचा एक नियम होता. गाडीतनं जो पार्ट निघेल, तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. तुटका असो, जळका असो, कागदात गुंडाळून हातात. मला वाटायचं, नवा पार्ट खरंच घातला हे कळावं म्हणून असेल. एकदा मी विचारलंच, तेव्हा म्हणाले, "हातात दिला की तो विचारतो, मिस्त्री, हे कशाला असतं? मग तुला सांगावंच लागतं." पंधरा वर्षांत मी तो नियम एकदाच मोडला. डबा गॅरेजच्या माळ्यावर टाकला. पावसाळ्याआधी परत बसवू, असं मनाशी म्हणालो. पावसाळा आला आणि इतर गाड्यांच्या गर्दीत मी ते विसरलो. विसरलो हेही पूर्ण खरं नाही. जूनमध्ये दोनदा आठवलं होतं, आणि दोन्ही वेळा मी उद्यावर ढकललं.

ओढ्यावर पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. ओढ्यातल्या फरशी पुलावर पाणी आता चाकाच्या वर आलं होतं. रावसाहेबानं आणि दोघा गावकऱ्यांनी ढकलून गाडी कशीबशी अलीकडं, शहराच्या अंगाला काढली होती. मावशी मागच्या सीटवर आडवी होती. तोंडाच्या एका कोपऱ्यातनं लाळ गळत होती, आणि रावसाहेब ती आपल्या टोपीनं पुसत होता. आम्ही दोघांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. मी पुढच्या अंगानं धरलं होतं. तिचा डावा हात माझ्या शर्टाला घट्ट धरून होता.

"तिची कागदं, चपला राहिल्या," म्हणत रावसाहेब गाडीच्या मागच्या दाराकडं पळाला.

तेवढ्यात माझा हात बॉनेटकडं गेला. कशाला गेला? त्या वेळी गाडीशी कुणाला काय देणं होतं! पण गेला. बॉनेट उघडलं, खिशातल्या पेचकसानं पट्टी सैल केली आणि पाइप उपसला. लाल फिल्टरमधनं पाणी धो धो पडलं. पाइप तिरका केला तर त्यातनंही पडलं. इंजिन चालू असतानाच त्यानं पोटभर पाणी ओढलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला असेल आणि त्या पाण्यावर आपटला असेल. ते पहिल्या क्षणातच संपलं होतं. त्यानंतर राऊनं सेल मारला काय आणि नाही मारला काय, सगळं सारखंच. चार हात पुढं गेलेला दुधाचा टेम्पो त्याच पाण्यातनं कोरडा पार झाला, कारण त्याचं नाक जागेवर होतं.

मी पाइप परत दाबला, बॉनेट पाडलं आणि वळलो. जीपच्या काचेतनं मावशी माझ्याकडं बघत होती. तोंड वाकडं होतं, पण नजर स्वच्छ होती.

रावसाहेब चपला छातीशी धरून आला. "काय झालं रे इंजिनाला?"

"सेल मारायला नको होतास," मी म्हणालो. "पाणी आत ओढलं गेलं त्यानं."

त्यानं चपला जीपमध्ये ठेवल्या आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला. रस्त्यात एकदाच म्हणाला, "मला ठावं न्हवतं रे." मी पुढं बघून गाडी चालवत राहिलो.

दवाखान्यात पोचायला सव्वादोन वाजले. डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत, उलट खालच्या आवाजात बोलले. सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत एक इंजेक्शन देता येतं म्हणाले, तपासण्या धरून. "दीड-दोन तास आधी आला असता तर प्रयत्न करता आला असता. आता त्याचा धोका जास्त." रावसाहेबानं त्यांना विचारलं, "साहेब, पाण्यात गाडी बंद पडली आणि सेल मारला, तर इंजिन जातं काय?" डॉक्टर गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीवरचा हात धुवायचा तक्ता वाचत होतो.

आठ दिवसांनी इंजिन खोललं. पिस्टनला जोडलेले दोन रॉड वाकले होते. रावसाहेब आला आणि तो वाकडा रॉड हातात घेऊन उभा राहिला. त्या दिवशी मी मिस्त्रींचा नियम पाळला होता, बघा. काढलेला पार्ट हातात दिला होता.

"ह्यो माझ्या सेलनं वाकला?"

स्टार्टरमध्ये एवढं बळ कुठलं! पळत्या इंजिनाशिवाय रॉड असा वाकत नाही, हे माझ्याकडं सहा महिने काढलेल्या कुणीही सांगितलं असतं. तो खरं विचारत होता आणि मी एक शब्द बोलायचा होता.

"होय," मी म्हणालो.

पुढं मी गुपचूप जुना डबा बसवायला काढला आणि परत माळ्यावर ठेवला, कारण रावसाहेब म्हणाला, "गाडी नको मला. वीक तू कुणाला तरी, आहे तशी." त्यानंतर कित्येक वर्षं त्यानं स्टेअरिंगला हात लावला नाही. कारखान्यात एसटीनं जायला लागला.

दीड महिन्यानं त्याचा फोन आला. ओरडतच होता. "आई बोलली! भूपाल, आई बोलली!"

"काय म्हणाली?"

"असू दे म्हणाली. मी पेज सांडली अंगावर, तर म्हणाली, असू दे!"

मी पेढे घेऊन गेलो. पण ते दोनच शब्द परत आले होते, बाकीचे आलेच नाहीत. चहा दिला की असू दे. पाऊस आला की असू दे. कुत्रं दारात आलं, नातू पडला, वीज गेली, तरी असू दे. सुरुवातीला पोरी उखाणा मागायला येत राहिल्या. ती डावा हात हलवून हलवून काहीतरी जुळवायचा प्रयत्न करायची. ओठ हलायचे, डोळ्यात हसू यायचं आणि बाहेर पडायचं, "असू दे." हळूहळू पोरी यायच्या थांबल्या. मी गेलो की मलाही म्हणायची. पण माझ्याकडं बघताना ती ओढ्यावरचीच नजर असायची, आणि मी चहा न पिताच उठायचो.

चार वर्षं अशी गेली. एका पावसाळी सकाळी रावसाहेब सहज गॅरेजवर आला होता. माझ्या एका गिऱ्हाइकाशी, कॉलेजातल्या पोराशी, बोलत बसला होता. मी दारातल्या नळावर हात धूत होतो, तिथं ऐकू आलं.

"हे बघ बाळ, पाण्यात गाडी बंद पडली तर सेल मारायचा न्हाई. किती बी घाई असू दे. मी मारला. त्यापायी माझ्या आईची वाचा गेली. मी भेटंल त्याला सांगतो ह्ये."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "व्हय का न्हाई रे भूपाल? तू सांग ह्याला. तू मिस्त्री हैस."

पोरगं माझ्याकडं बघत होतं. "बरोबर आहे," मी म्हणालो. सल्ला खरोखरच बरोबर होता. मी साबण शोधायच्या निमित्तानं आत गेलो.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरनं डबा काढला. वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आंबेखोलला गेलो. रावसाहेब मळ्यात होता. मावशी एकटीच सोप्यात खुर्चीवर बसली होती. मी तिच्या पायाशी बसलो आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं डाव्या हातानं कागद सोडवला. त्या लांब काळ्या तोंडावरनं बोट फिरवलं.

"मावशी, तू म्हणाली होतीस ना, गुडघ्याला नाक. तेच झालं. राऊनं सेल मारला म्हणून काही झालं नाही. मी हे काढलं म्हणून झालं. मला त्याच दिवशी कळलं होतं. तू बघितलंस मला. मी खोटं बोललो मावशी. चार वर्षं खोटं बोललो."

मी वाट बघत होतो. लपवून काय उपयोग, मी त्या दोन शब्दांचीच वाट बघत होतो. ती तर सगळ्यालाच म्हणत होती. चहाला म्हणायची, कुत्र्याला म्हणायची, मलाही म्हणेल, आणि मी तो आशीर्वाद म्हणून घरी घेऊन जाईन, असा माझा हिशेब होता. सांगायचं ते तिला सांगून झालं, राऊपर्यंत कशाला न्यायचं!

ती बोलली नाही. तिनं माझं मनगट धरलं. चार वर्षं सगळं काम त्या एका हातानं केलेलं, त्यामुळं पकड लोखंडाची होती. मी हलकेच सोडवायला बघितलं, तर तिनं आणखी आवळलं. अर्धा तास गेला असेल, जास्तच. सून आली, चहा ठेवून गेली. मावशी चहाकडंही बघून काही म्हणाली नाही. ती दाराकडं बघत होती. मग मला कळलं की ती कुणाची वाट बघते आहे.

रावसाहेब आला. पायाला चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ. आम्हाला तसं बघून हसला. "काय गं आई, चोर धरलास काय?"

आणि मी सांगितलं. मनगट तिच्या हातात असतानाच सांगितलं, पाइप, कागद, झडप, फिल्टरमधलं पाणी, वाकलेला रॉड, सगळं. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "म्हंजे मी सेल मारला नसता तरी?"

"तरी गेलंच असतं. तू काही केलं नाहीस राऊ."

पोत्याची खोळ डोक्यावर तशीच ठेवून तो आईपुढं खाली बसला, आणि शाळेतलं पोर रडतं तसा रडायला लागला. "आई, मला वाटलं मीच. मला वाटलं मीच केलं गं तुझं."

तेव्हा तिनं माझं मनगट सोडलं. तोच हात त्याच्या ओल्या केसांतनं फिरवला आणि म्हणाली, "असू दे. असू दे. असू दे."

मी उठलो. मला कुणी थांबवलं नाही.

रावसाहेबानं संबंध तोडले नाहीत. वर्षभरानं गाडी घेतली, चालवायलाही लागला. भेटला की बोलतो. गाडीचं काम मात्र दुसऱ्याकडं करतो, आणि काढलेला प्रत्येक पार्ट मागून घेतो असं ऐकलं. तो डबा त्यांच्या अंगणात आहे. त्यात माती घालून कुणीतरी अळू लावलं आहे.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. मावशी आता फार थकली आहे. सून पाणी देते, तिला म्हणते, असू दे. मांजर दूध सांडतं, त्याला म्हणते. मी पाया पडतो, ती माझ्या डोक्यावर हात ठेवते आणि गप्प बसते. त्या दिवसानंतर मला तिनं ते अजून म्हटलेलं नाही.